मिस्त्रींनी घोडी मागितली

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात, ठाऊक आहे मला! पण निदान तोंडातला चहा आधी गिळा, कारण हे ऐकताना आमच्या स्टाफरूममध्ये दोघांनी एकमेकांच्या शर्टावर चहा उडवलाय. मी घर बांधलं. आणि त्या घराच्या भिंती छातीएवढ्या आलेल्या असताना मी अशी काही माती खाल्ली, की आमच्या बोळात मला आता कुणी नुसतं 'सर' म्हणत नाही. 'घोडीवालं सर' म्हणतात.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. एम. ए., बी. एड., पंचवीस वर्षं नोकरी. शब्दांवर माझा फार जीव. पोरांनी 'न' आणि 'ण'ची गल्लत केली तरी माझं डोकं फिरतं. शाळेत कुणाचं कुठं अडलं की "सरांना विचारा" म्हणतात, आणि मीही कधी "माहीत नाही" म्हणत नाही. ही खोड मला चांगलीच नडली.

मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमची पत्र्याची दोन खोल्यांची जागा होती. ती पाडून तिथंच स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. शेजारच्या गल्लीत भाड्याच्या खोल्या घेतल्या आणि मी, बायको सुनीता आणि आई असे तिघं तिकडं राहायला गेलो.

आता आईचं सांगायलाच पाहिजे. बहात्तर वर्षांची आहे. वडील लवकर गेले, आणि तिनं तीस वर्षं बांधकामांवर घमेली वाहून मला शिकवलं. अर्ध्या कोल्हापूरच्या बंगल्यांचा माल तिच्या डोक्यावरनं वर गेलाय. सिमेंटनं फुटलेली तिची बोटं बघत मी लहानाचा मोठा झालो. नोकरी लागली त्याच दिवशी मी ठरवलेलं, या बाईनं आता सिमेंटकडं बघायचंसुद्धा नाही. बास झालं.

त्यामुळं घराचं काम सुरू झाल्यावर ती रोज म्हणायची, "आरं, मलाबी घिऊन चल की. कुठवर आलंय बघू दे तरी."

"नको आई, धूळ असते. तयार झालं की एकदम बघ."

"माझं घर हाय न्हवं त्ये?"

"तुझंच आहे. म्हणूनच म्हणतो, आराम कर."

ती गप्प बसायची. मला आपलं वाटायचं, केवढी काळजी घेतो मी आईची!

एकदाच तिनं जरा वेगळं काढलं. म्हणाली, "बाबा, माझ्या डोळ्यांदेखत हू दे म्हंजी झालं. भाड्याच्या खोलीतनं न्यायला लावू नको मला." मी तिला रागावलो. पण ते वाक्य डोक्यात बसलं. पावसाच्या आत स्लॅब झाला नाही, तर पुढचे चार-पाच महिने काम बंद, आणि घर पुढच्या वर्षावर. तिची तब्येत म्हणजे आज बरी, उद्या गोळ्या बदला. मला उशीर करून चालणार नव्हता.

आणि सगळं अवलंबून होतं शामराव मिस्त्रींवर.

शामराव मूळचे मुरगूडचे, कामं सगळी कोल्हापुरात. हात असा सरळ, की त्यांनी नजरेनं बांधलेली भिंत ओळंबा लावून बघितली तरी फरक सापडायचा नाही. त्यांची तारीख मिळावी म्हणून मी चार महिने थांबलो. पण स्वभाव? अरे बापरे! पहिल्याच दिवशी मला समोर उभं करून म्हणाले, "सर, एक आदीच सांगतो. मालकानं मधी मधी लुडबूड केल्याली मला चालत न्हाय. कोडोलीला एका पावण्याचं घर चौकटीपतुर आणलं आन् सोडलं. अजून तसंच हाय. चौकटीत शेळी बांधत्यात."

मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही म्हणाल तसं."

पायाभरणीला मिस्त्रींनी नारळ फोडला, आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं, दोन्हीकडचं भागलं आणि काम सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की या माणसाची मराठी मला येत नाही! मला! ज्यानं पंचवीस वर्षं व्याकरण शिकवलं त्याला!

म्हणजे बघा. मिस्त्री वरून ओरडले, "सर, माल संपला!" मी इकडंतिकडं बघतोय, कसला माल? तर कालवलेलं सिमेंट आणि वाळू म्हणजे माल. मग म्हणाले, "दोन सूत बाहीर गेलीया." मी आपला जमिनीवर दोरा शोधायला लागलो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हो! भिंतीला पोट येतं म्हणे. "हितं पडदी घालूया" म्हणाले, तेव्हा मी खुशाल कापडाच्या दुकानात जाऊन रंग बघून आलो. पडदी म्हणजे अर्ध्या विटेची भिंत! आणि शेजारचे जाधवकाका रोज भर बोळात ओरडून विचारायचे, "काय सर, स्लॅब कवा पडतोय?" मला दरदरून घाम. अहो, शत्रूचासुद्धा स्लॅब पडू नये! मग कळलं, आपल्याकडं स्लॅब टाकला की त्याला 'स्लॅब पडला' म्हणतात आणि पेढे वाटतात. आता मला सांगा, परक्या माणसानं काय करायचं?

पण मी हार मानणारा नव्हे. दोनशे पानी वही आणली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बांधकाम शब्दसंग्रह'. खाली लाल रेघ मारली. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, साइटवर चोरून ऐकलं, एकेक शब्द टिपला. जोतं, गिलावा, कोबा, छज्जा. पोरं पाढे म्हणतात तसं मी आंघोळ करताना म्हणायचो. सुनीता बाहेरून विचारायची, "अहो, कुणाशी भांडताय?"

आणि एके दिवशी जरा जास्तच झालं. मी भिंतीजवळ गेलो, एक डोळा मिटला आणि म्हणालो, "मिस्त्री, ओळंबा बघितला ना? एखादं सूत इकडंतिकडं नको."

मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "आँ? सरांस्नी कळतंय की सगळं!"

"मग! आपल्याला माहीत आहे सगळं."

बास. हे वाक्य बोललो आणि फसलो. कारण त्याच्यानंतर काही विचारायची सोयच उरली नाही.

शुक्रवारी माझा तास मोकळा होता. स्टाफरूममध्ये बसलोय, तेवढ्यात मिस्त्रींचा फोन.

"सर, भिती छातीएवढ्या आल्या. आता उद्या सकाळच्याला घोडी पायजे. माझ्या हुत्या त्या, एका पाव्हण्यांच्या कामावर मुरगुडात अडकल्यात. तुमच्या वळखीत कुणाकडं गावंल का, भाड्यानं?"

घोडी!

मी वही काढली. 'घ'च्या पानावर एकटं घमेलं बसलेलं. घोडी नाही. विचारावं का? कसं विचारणार? काल 'सगळं माहीत आहे' म्हणून बसलेलो! मग मी डोकं चालवलं. आमचा बोळ हा असा, टेंपो आत येत नाही. वाळू आणि विटा बोळाच्या तोंडापासून आतपर्यंत गाढवांवरनं येतात. बरोबर? मग गाढवावरनं वाळू येते, तर घोडीवरनं विटा का नाही येणार? आता सांगा, यात काय चुकलं? तुम्ही असता तरी हेच म्हणाला असता!

"मिळेल की," मी म्हटलं. "किती पाहिजेत?"

"दोन तरी. एकीवर कसं भागणार? दोघींवर फळी टाकायची, फळीवर मी आन् गडी हुबं ऱ्हाणार."

माझ्या डोळ्यांपुढं सर्कस उभी राहिली. पण म्हटलं, असेल बाबा जुनी पद्धत. आपलं अज्ञान कशाला दाखवा?

"उंची केवढी लागेल?"

"पाच फुटाच्या आत. लई उच नको, चढाय उतराय तरास हुतो. आन् पाय तेवढं मजबूत बघा. मागल्या टायमाला एकीचा पाय वाकला, गडी तोंडावर पडला. आदी हलवून बघा. गपगार हुबी ऱ्हायला पायजे."

"म्हणजे शांत पाहिजे."

पलीकडं मिस्त्री जरा खाकरले. मग म्हणाले, "…व्हय. शांत."

"आणि खाण्यापिण्याची सोय आम्ही करायची का?"

"न्हाय न्हाय. ज्येचं त्येचं डबं असत्यात."

चला, चारा घेऊन येणार म्हणजे! मी निर्धास्त झालो.

घरी गेलो तर आई दारातच. "मिस्त्रीचा फोन आलता का रं? भिती छातीला आल्या आस्तील आता. आता त्येला…"

"आई!" मी तिला मध्येच तोडलं. "बांधकामातलं असतं ते. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि भांडी लावायला आत गेली. होय, मी हे तिला म्हणालो. तिला! तुम्ही कपाळाला हात लावायच्या आधी मीच लावतो.

संध्याकाळी स्कूटर काढून रंकाळ्याच्या अंगाला गेलो. तिथं बंडूतात्यांची वरातीची घोडी होती, राणी नावाची. पांढरीशुभ्र. तात्या तिच्या अंगावरनं हात फिरवत होते.

"कवाचं लगीन, पावणं?"

"लग्न नाही. बांधकामावर पाहिजे."

तात्यांचा हात थांबला. "वास्तुशांत हाय व्हय?"

"नाही, भिंती बांधायच्यात. थोडं सामान, आणि वर दोन माणसं."

"आवो सर!" तात्या गरजलेच. "माझी राणी नवरदेव वाहती, इटा न्हाय वाहत!"

मग मी हात जोडले. म्हटलं, तात्या, आईचं घर आहे हो. पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे. मिस्त्री रागीट आहे, घोडी नाही मिळाली तर काम सोडून जाईल. तात्यांनी माझं तोंड नीट बघितलं. पिऊन आलाय का, ते बघत असणार. पण आईचं नाव काढलं आणि ते विरघळले.

"आईचं घर म्हंतायसा, मग येतो. पर घोडी एकच गावंल. आन् दुपारी बाराला माझं लगीन हाय, म्हंजी नवरदेवाचं. तवा सजवूनच आणतो. तेवढ्यात तुमचं काय ते उरकून घ्या."

मी खाली वाकून पाय बघितले. मजबूत. मानेला धरून जरा हलवून बघितलं. गपगार उभी. मनात म्हटलं, शामराव खूश होणार!

शनिवारी शाळेत रजा टाकली. सकाळी मिस्त्री आणि दोन गवंडी थाप्या घेऊन बसलेले. "सर, घोडी?"

"येतेय," मी म्हटलं. "जरा तयार होऊन येतेय."

आणि बोळाच्या तोंडाशी घुंगरं वाजली.

राणी आली! पाठीवर जरीची झूल, कपाळावर गोंडा, गळ्यात आरशांची माळ, पायांत घुंगरू. बंडूतात्या लाल फेटा बांधून लगाम धरून पुढं. बोळातली सगळी दारं एकदम उघडली. हातातलं काम टाकून बायका उंबऱ्यावर. जाधवकाका दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर. पोरांचे मोबाइल वर!

मिस्त्री उठून उभे राहिले. "सर, ह्ये काय?"

"घोडी! पाच फुटांच्या आत आहे, मी मोजून घेतलंय. पाय बघा, एक नंबर. शांत आहे. फळी कुठं बांधायची तेवढं तुम्ही सांगा."

मिस्त्रींच्या हातातली थापी खाली पडली.

इथं मला एक गोष्ट माहीत नव्हती, जी अख्ख्या बोळाला माहीत होती. शामराव पन्नाशीचे आणि बिनलग्नाचे. तीन बहिणी उजवता उजवता त्यांचं स्वतःचं राहून गेलेलं. समोरच्या काकू तोंडाला पदर लावून ओरडल्या, "मिस्त्री, बोलला न्हाईसा! कवा ठरलं?"

"बसा की वर! इतकं सजवून आणलंय!" जाधवकाका.

"मुंडावळ्या आना रं!"

हशा असा उसळला की राणी बिचकली. दोन पावलं मागं सरली आणि मागचा पाय झाडला. कालच रचलेले विटांचे वरचे तीन थर धडाधड खाली! बंडूतात्या "हो राणी, हो बाळा" करतायत, राणी घुंगरं वाजवत गोल फिरतेय, आणि मी मध्ये दोन्ही हात पसरून उभा.

मिस्त्रींनी ओळंबा गुंडाळला, थापी पुसली, पिशवीत टाकली. मग माझ्यासमोर आले. डोळे लाल.

"सर, माझी चेष्टा मांडलीसा? बिनलग्नाचा हाय म्हणून दारात घोडी आणून हुबी केलीसा?"

"अहो मिस्त्री, शपथ घेऊन सांगतो, तुम्हीच मागितली!"

"हुबं ऱ्हायची घोडी मागितली, सर! लोखंडाची! चार पायांचा स्टँड, त्येच्यावर फळी टाकून वरची भित बांधायची! बारक्या पोराला बी ठावं असतंय! आन् परवा तर तुम्हीच म्हनला, आपल्याला म्हाईत हाय सगळं!"

सगळं खरं होतं. मिस्त्री तरातरा गाडीकडं गेले. मला डोळ्यांपुढं कोडोलीची शेळी दिसायला लागली. आमच्या चौकटीत बांधलेली! आणि आईचा आवाज, "भाड्याच्या खोलीतनं न्यायला लावू नको मला." इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. चूक माझी, आणि भोगायची तिनं.

आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडातनं आईच येताना दिसली. काठी टेकत, पदर खोचून. कुणीतरी जाऊन सांगितलं होतं, की तुमच्या दारात नवरदेव आलाय म्हणून.

तिनं राणीकडं बघितलं. पडलेल्या विटांकडं बघितलं. गाडीला किक मारणाऱ्या मिस्त्रीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"घोडी मागितली हुती न्हवं त्यानं?"

"हो."

"आन् तू ही आणलीस."

"…हो."

आई हसायला लागली. इतकी हसली की तिला उभं राहवेना, वाळूच्या ढिगावरच बसली. डोळ्यांतनं पाणी. मग तशीच उठली, मिस्त्रींच्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला.

"शामराव, थांब जरा. त्यानं चेष्टा न्हाय केली. त्येला ठावंच न्हवतं."

"मावशी, मास्तर हाय त्यो! परवा मलाच सूत शिकवत हुता!"

"मास्तरच हाय. घोडी कुठनं ठावं असणार? माझं ऐक. मी सतरा वर्साची हुते. कामावरचा पयलाच दीस. मिस्त्री वरनं वरडला, 'ए पोरी, गुण्या आण!'"

गुण्या माहीत आहे ना तुम्हाला? भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का ते बघायची लोखंडी पट्टी. मलाही तेव्हा माहीत नव्हता.

"मला काय ठावं?" आई सांगत होती. "मी पेठंत हिंडाय लागले, 'गुण्या कोण हाय, मिस्त्री बोलावतोय' म्हणत. चार गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी सायकलीच्या दुकानात एक गुण्या गावला. त्येला हाताला धरून आणला आन् मिस्त्रीम्होरं हुबा केला. म्हटलं, घ्या गुण्या!"

मिस्त्रींनी गाडी बंद केली. मिशी हलली. "मग?"

"मग काय! मिस्त्रीनं त्येला भितीच्या कोपऱ्याला चिकटून हुबा केला. म्हणाला, बघू काटकोनात हाईस का!"

शामराव फुटलेच! पोट धरून हसले, गवंडी हसले, बंडूतात्या हसले. मग डोळे पुसत माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हंजी सरांनी आईचं नाव काढलं म्हना की!"

घ्या! आयुष्यभर ज्यासाठी धडपडलो ते असं झालं.

"पर मावशी," मिस्त्री गाडीवरनं उतरले, "एक सांगतो. हितनं पुढं कामाचं बोलणार ते तुमच्यासंगं. सरांसंगं न्हाय."

यावर आईनं माझ्याकडं बघितलं. ती माझी परवानगी मागत होती. स्वतःच्या घराच्या कामावर यायला! मला इतकी लाज वाटली. गुण्याचा हा किस्सा मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिचा पहिला दिवस कसा होता, हे मी तिला जन्मात कधी विचारलं नव्हतं. तिचे कष्ट तेवढे दिसले मला, तिला काय काय येतं ते दिसलंच नाही. वही घेऊन गावभर शब्द गोळा करत फिरलो आणि घरात बसलेल्या बाईला गप्प केलं.

"ये आई," मी म्हटलं. "तूच ये."

आईनं जाधवकाकांच्या मोबाइलवरनं एक फोन लावला. अर्ध्या तासात तिच्या जुन्या ओळखीच्या सेंट्रिंगवाल्याकडनं दोन लोखंडी घोड्या हजर. गपगार उभ्या. बंडूतात्याही वेळेत लग्नाला पोचले.

त्या दिवसापासून साइटवर आईची खुर्ची आणि वर छत्री. आणि काय सांगू, बाई खुलली! "शामराव, खिडकीचा कोपरा बघ रं, गुण्या लाव." "ए, इटा भिजवल्याबिगर लावू नको." आणि ज्या मिस्त्रीला कुणाचं एक अक्षर खपत नव्हतं तो म्हणायचा, "व्हय मावशी." मला नेमून दिलेलं काम एकच, सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारणं. तेसुद्धा आई बघायची, नीट मारतोय का ते.

पावसाच्या आठ दिवस आधी स्लॅबचा दिवस आला. वीस-पंचवीस माणसं, मिक्सरची घरघर. मिस्त्री म्हणाले, "पयलं घमेलं मालकाचं!"

मी बाह्या सरसावून पुढं झालो.

"तुमी न्हाय ओ, सर. सरका बाजूला."

त्यांनी घमेल्यात अर्धाच माल घातला. आईनं आत डोकावून बघितलं. "अर्दं कशाला? भर की!" दोघांनी दोन्हीकडून आधार देऊन तिला फळीवरनं वर नेलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या स्लॅबवर माल टाकला, तेव्हा मागं वळून बघायलासुद्धा कुणी थांबू दिलं नसेल तिला. आज पंचवीस माणसं हात थांबवून उभी होती. तिनं घमेलं पालथं केलं, हातानंच माल सारखा केला आणि म्हणाली, "झ्याक झालाय माल." मी रडलो. सरळ रडलो, लपवलं नाही.

तेवढ्यात मिस्त्रींनी हाक मारली. "सर, बांधायची तार कमी पडल्या. पळा!"

मी डोळे पुसून हार्डवेअरच्या दुकानात. तार घेतली आणि आईचा फोन. मागं मिक्सरचा हा आवाज!

"आरं, येताना चार लाद्या घिऊन ये. लगोलग!"

लादी म्हणजे फरशी, हे मला आता पाठ. पण तुम्हाला काय वाटतं, मी तसाच गेलो असेन? छे! शहाणा झालो होतो मी. स्पष्ट विचारलं, "आई, कसल्या आणू?"

"मऊ बघून आण. मागच्यासारख्या कडक नकोत!"

"आणि साइज?"

"साइज कसला? नेहमीचाच! लवकर ये, मानसं खोळंबल्यात!"

फोन बंद. मी दुकानदाराला म्हटलं, "मऊ लादी आहे का हो?" तो जरा घोटाळला. "मॅट फिनिश म्हणता काय, सर?" म्हटलं, तेच ते! आणि खोक्यात बरोबर चारच येतात हो, दोन बाय दोनच्या! मला तर वाटलं, आज सगळं कसं जुळून येतंय. रिक्षा केली, खोकं मांडीवर घेतलं, बोळातनं छातीशी धरून धापा टाकत नेलं.

जाऊन बघतो तर माणसं दोन रांगांत न्याहारीला बसलेली. पुढ्यात ताटल्या, ताटलीत मटकीची उसळ, फरसाण, वर कांदा. सुनीता तांबडा कट वाढतेय. आईनं पहाटे उठून स्वतः केलेली मिसळ. सगळ्यांचे हात थांबलेले, सगळ्यांचे डोळे माझ्याकडं.

"आल्या का लाद्या?" आईनं विचारलं.

"आल्या!" मी खोकं धाडकन खाली ठेवलं. "चार. मऊ आहेत. मी विचारून घेतलं या वेळी!"

शामराव मिस्त्री उठले, खोकं फोडलं, वरच्या फरशीवर बोटानं टकटक वाजवून बघितलं. कान लावून ऐकलं. मग अगदी हळू म्हणाले, "सर, पावाच्या हो. पावाच्या लाद्या. मिसळीसंगं."

आईनं फरशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सुनीताला म्हणाली, "कट वाढ गं त्येला भरपूर. आन् एक आख्खी लादी त्येलाच दे. म्हणावं, बुडवून खा."